भावंडाच्या मृत्यूवरची मुलांची कादंबरी : मृत्यू कुठे ठेवावा, अपराधभाव किती दाखवावा, शेवट कसा करावा?

शाईदौत

दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी मी एक कादंबरी लिहीत आहे. पहिला खर्डा पूर्ण झाला असून आता तीन ठिकाणी अडले आहे, म्हणून येथील लिहित्या-वाचत्या मंडळींना विचारावेसे वाटले. कथा अकरा वर्षांच्या एका मुलीची आहे. तिचा चौदा वर्षांचा दादा काही महिन्यांच्या आजारपणानंतर जातो आणि त्यापुढचे वर्ष ती मुलगी स्वतःच्या शब्दांत सांगते.

पहिली अडचण मृत्यूच्या जागेची आहे. सध्या तो पुस्तकाचा एक तृतीयांश भाग सरल्यावर येतो. खर्डा वाचलेल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की, या वयाच्या वाचकाला मृत्यू प्रत्यक्ष घडताना दाखवू नये. तो पहिल्या पानाआधीच घडून गेलेला असावा. दुसऱ्या एका वाचकाला नेमके उलट वाटते. ज्या मुलाला आपण कधी भेटलोच नाही, त्याच्या नसण्याचे वाचकाला का वाईट वाटावे, असे ते विचारतात. दोघांचेही मला पटते आणि त्यामुळेच गोंधळ वाढतो.

दुसरी अडचण एका प्रसंगाची आहे. आजारपणात सगळे घर दादाभोवती फिरत असताना तिच्या वाढदिवसाचा बेत रद्द होतो, तेव्हा ती त्याच्यावर ओरडते, "तू नसतास तर बरं झालं असतं!" काही आठवड्यांनी तो जातो आणि आपल्या बोलण्यामुळेच हे घडले, अशी तिची खात्री होते. ती हे कोणालाही सांगत नाही. हा प्रसंग मुलांसाठी फार कठोर आहे, तो गाळावा, असे मला सुचवण्यात आले आहे. परंतु तो गाळला तर कादंबरीचा कणाच निघून जातो, असे मला वाटते.

तिसरी अडचण शेवटाची. वर्ष पूर्ण होते त्या दिवशी ती दादाच्या नावाने एक झाड लावते आणि आई कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसते, असा शेवट मी लिहिला आहे. तो मलाच खोटा वाटतो. मात्र दुःख आहे तसे ठेवून पुस्तक मिटले, तर दहा वर्षांच्या वाचकाला वाऱ्यावर सोडल्यासारखे होईल, अशीही भीती वाटते.

समासरेषा

मुलांच्या पुस्तकांचे संपादन हे माझे काम आहे, म्हणून आधी बांधणीविषयी लिहितो. मृत्यू पहिल्या पानाआधी ठेवा किंवा साठाव्या पानावर ठेवा. वाचकाची दादाशी गट्टी जमली असेल तर दोन्ही जागा चालतात आणि जमली नसेल तर दोन्ही फसतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा खर्ड्यांमध्ये मरणारे भावंड जवळजवळ नेहमी समजूतदार, हसतमुख आणि वयाच्या मानाने भलतेच तत्त्वज्ञ असते. शेवटच्या भेटीत ते धाकट्याला आयुष्याविषयी चार वाक्ये ऐकवते आणि डोळे मिटते. असे मूल कोणाच्याच घरात नसते. (संतांच्या चरित्रांतही ते क्वचितच सापडते.) तुमचा दादा पत्त्यांत लबाडी करणारा, बहिणीच्या वहीतल्या चित्रांना मिशा काढणारा, तिला एका खास टोपणनावाने चिडवणारा असू द्या. ते टोपणनाव तिला मुळीच आवडत नसावे. तो गेल्यानंतर कधीतरी, अगदी किरकोळ दिवशी, त्या नावाने आपल्याला हाक मारणारे आता कोणीच उरले नाही, हे तिच्या लक्षात येईल. त्या पानावर वाचकाला रडवण्यासाठी तुम्हाला वेगळे काही करावे लागणार नाही.

त्यामुळे सध्याची जागा ठेवावी, असे माझे मत आहे. मात्र त्या पहिल्या तृतीयांशात केवळ आजारपण असेल, तर तो भाग नव्याने लिहावा लागेल. वाचकाला निरोगी दादा किमान दोन-तीन प्रकरणे भेटला पाहिजे आणि त्या प्रकरणांत वाचक हसला पाहिजे. मृत्यूचा क्षण खोलीच्या आत दाखवण्याची गरज नाही. मुलांना बहुधा अशा वेळी बाहेर पाठवले जाते, आणि बाहेर पाठवले गेल्याचा राग हा स्वतःच एका प्रकरणाचा ऐवज आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या सारांशात मला दिसली नाही. ती खर्ड्यात असेल तर उत्तमच. मोठे भावंड गेल्यावर धाकटे त्याच्या रिकाम्या जागी उभे राहू पाहते. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांचा थोरला भाऊ डेव्हिड १८६७ मध्ये, चौदावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना, बर्फावर स्केटिंग करतानाच्या अपघातात मरण पावला. बॅरी तेव्हा सहा वर्षांचे होते. आईविषयी १८९६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. अंधाऱ्या खोलीत खिन्नपणे पडून राहिलेली आई दारातली चाहूल ऐकून 'तू आलास का' असे विचारते; तो प्रश्न गेलेल्या भावासाठी आहे हे ओळखून मुलगा सांगतो की तो नव्हे, फक्त मी आलो आहे. पुढे हा मुलगा भावाची शीळ घालण्याची लकब शिकतो आणि त्याचे कपडे घालून आईसमोर उभा राहतो. कायमचा मुलगाच राहणाऱ्या पीटर पॅनचे मूळ पुष्कळ अभ्यासक या घरात शोधतात. लुइसा मे अल्कॉट यांची बहीण एलिझाबेथ १८५८ मध्ये गेली, आणि 'लिटल विमेन'च्या १८६९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात बेथ गेल्यावर तिची बहीण 'जो' ही तिच्या घरकामासह तिच्या नीटनेटकेपणाच्या सवयीही उचलू पाहते. तुमच्या मुलीला दादासारखे व्हावेसे वाटते का, की तसे होण्याची तिला धास्ती वाटते? आईवडील तिला नकळत त्या दिशेने ढकलतात का? माझ्या दृष्टीने कादंबरीचा मधला भाग यातून उभा राहू शकतो, कारण तिथे मुलीला काहीतरी करायला मिळते. नुसते दुःखी असणे ही कृती नसते आणि या वयाचा वाचक कृतीशिवाय दहा पानेही पुढे जात नाही.

ओंजळ

मी मुलांसोबत काम करणारी समुपदेशक आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : तो प्रसंग कृपया गाळू नका. भावंडाच्या मृत्यूनंतर मुलांच्या मनात खोलवर दडून बसणारी गोष्ट म्हणजे 'मी तसे बोललो म्हणून', 'मी तसे मनात आणले म्हणून' हा हिशेब. उपचारासाठी आणलेल्या अशा मुलांवर केन, फास्ट आणि एरिक्सन यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या निबंधात या अपराधभावाची ठळक नोंद आहे. ती मुले आधीच अडचणीत असलेली होती, त्यामुळे त्यावरून सगळ्याच मुलांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. तरीही एकत्र वाढलेल्या भावंडांत भांडण, मत्सर आणि 'हा नसता तर' ही इच्छा इतकी नेहमीची असते की मृत्यूनंतर त्यातले एखादे वाक्य हाताशी सापडणे मुळीच कठीण नसते. आजारपण लांबलेले असेल तर मत्सराला अधिकच खतपाणी मिळते. आपणही आजारी पडावे, म्हणजे आई आपल्या उशाशी बसेल, असे वाटणारी मुले असतात, आणि नंतर त्यांना त्या इच्छेचीही लाज वाटते. जो प्रसंग तुम्हाला कठोर म्हणून काढायला सांगितला जात आहे, तो वाचून एखाद्या मुलाला प्रथमच कळेल की असा विचार करणारे आपण एकटे नाही.

काळजी घ्यायची ती प्रसंगाच्या पुढच्या भागाची. पुष्कळ पुस्तकांत एखादी प्रेमळ मोठी व्यक्ती 'यात तुझी काही चूक नाही' असे म्हणते, मूल रडते आणि गाठ सुटते. प्रत्यक्षात हे वाक्य मुलांना सहसा पुरत नाही, कारण मोठी माणसे धीर देण्यासाठी खोटे बोलतात, हे अकरा वर्षांच्या मुलीला चांगले ठाऊक असते. तिला कारण हवे असते. आजार कोणता होता, तो शरीरात काय करत होता, तिने ते वाक्य उच्चारले त्याच्या किती आधीपासून तो वाढत होता, हे कोणीतरी तिला सरळ सांगितले पाहिजे. तुमच्या पुस्तकात असे सांगणारी एक तरी व्यक्ती असावी आणि ती आईवडिलांपैकी नसली तरी चालेल. तसेच ती माहिती ऐकल्यावरही मुलीच्या मनातली शंका एका फटक्यात जाऊ नये. तिने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत दुसऱ्या कोणाला तरी विचारून उत्तर पडताळून पाहावे. मुले असेच करतात.

वयाविषयी थोडेसे. मारिया नागी यांनी १९४८ मध्ये हंगेरीतील मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांवर लिहिले, तेव्हा पाच वर्षांच्या आतील मुलांना मृत्यू हा परत येण्याजोगा प्रवास किंवा झोप वाटतो, असे त्यांना आढळले होते. पुढे स्पीस आणि ब्रेंट यांनी १९८४ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की मेलेला जीव परत येत नाही, त्याच्या शरीराची कामे थांबतात आणि मृत्यू प्रत्येकालाच येतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमगू लागतात. म्हणजे तुमच्या अकरा वर्षांच्या नायिकेला 'दादा दूर गेला' किंवा 'दादाला झोप लागली' असे सांगणारा मोठा माणूस तिला फसवू शकणार नाही. त्याचे ते बोलणे तिला एकटे पाडील. घरात तीन-चार वर्षांचे एखादे लहान मूल असेल तर मात्र तेच वाक्य ऐकून ते झोपायला घाबरू लागेल. हा फरक कथेत वापरण्याजोगा आहे.

प्रकरणांची मांडणी नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार अशा पायऱ्यांवर करण्याचा मोह टाळावा. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पाच अवस्था मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. श्ट्रोबे आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र मला लेखकासाठी अधिक उपयोगी वाटते. त्यांच्या मते माणूस कधी झालेल्या हानीकडे वळतो, कधी पुढच्या व्यवहाराकडे, आणि हे येणे-जाणे चालूच राहते. मुलांमध्ये ही अदलाबदल फार वेगाने होते. पावसातल्या डबक्यात उडी मारावी आणि लगेच बाहेर यावे, तसे मूल दुःखात शिरते आणि निघते. दहा मिनिटे हमसून रडते आणि मग खेळायला जाऊ का, असे विचारते. मोठ्यांना त्यात निर्दयपणा दिसतो. तुमच्या कादंबरीत एखादा नातेवाईक या खेळण्यावरून मुलीला बोलला, तर तो प्रसंग अगदी खरा वाटेल.

एका बाबतीत विशेष जपावे. 'मलाही दादाकडे जायचे आहे' असे शोकातले मूल म्हणते, तेव्हा बहुधा ती भेटीची ओढ असते. तरीही पुस्तकात ते वाक्य आले तर कोणीतरी मोठ्याने ते ऐकलेले आणि तिच्याजवळ बसून त्याविषयी विचारलेले असावे. ते वाक्य हवेत सुटू नये.

मधला

मी लेखक नाही. मी नऊ वर्षांचा असताना माझी ताई गेली. तेव्हा ती साडेदहा वर्षांची होती. पुस्तकांत ज्या गोष्टी मला कधी सापडल्या नाहीत, त्यांतल्या दोन लिहितो.

पहिली म्हणजे 'तुम्ही भावंडे किती?' हा प्रश्न. नवीन शाळा, नवीन शेजारी, डॉक्टरांचा अर्ज, सगळीकडे तो येतो. 'दोघे' म्हटले तर पुढचा प्रश्न येतो आणि 'एकटाच' म्हटले तर आपण ताईला पुसून टाकल्यासारखे वाटते. वर्ड्‌स्वर्थ यांची १७९८ मधली एक कविता याच मोजणीवर आहे. आठ वर्षांची मुलगी, दोन भावंडे दफनभूमीत असतानाही, आपण सात आहोत असेच सांगत राहते आणि मोठा माणूस तिला वजाबाकी शिकवू पाहतो. ती कविता मी मोठेपणी वाचली. त्या मुलीइतका मी ठाम नव्हतो. समोरचा माणूस पाहून मी उत्तर बदलत असे आणि प्रत्येक उत्तरानंतर काही वेळ गप्प राहत असे. तुमच्या नायिकेला हा प्रश्न किमान दोनदा विचारला जावा आणि दोन्ही वेळा तिचे उत्तर वेगळे असावे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. धाकटे वाढत राहते आणि एक दिवस मोठ्याला वयाने गाठते. साडेदहा वर्षांचा झालो तेव्हा मी तारखा मांडून तो दिवस शोधून काढला होता. त्यापुढे मी ताईपेक्षा मोठा होणार होतो, आणि ज्या वयात ती कधी नव्हतीच, त्या वयात कसे वागायचे हे दाखवायला पुढे कोणी नव्हते. त्या दिवसाविषयी घरात कोणालाही ठाऊक नव्हते. वाढदिवस आणि मृत्यूची तारीख सर्वांच्या लक्षात असते. ही तिसरी तारीख फक्त भावंडाची असते. तुमच्या कथेत दोघांत तीन वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे एका वर्षात तो दिवस येणार नाही. अंतर कमी केले तर येऊ शकेल.

कपाटसात

शाळेच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून पुस्तक छापून आल्यानंतरचे थोडे बोलते. ओंजळ यांच्या सूचना मोलाच्या आहेत. मात्र अशी पुस्तके औषध म्हणून लिहिली जाऊ लागली की मुलांना त्यांचा वास लगेच येतो. घरात मृत्यू झालेल्या मुलाच्या हातात दुसऱ्याच आठवड्यात असे पुस्तक ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि ते पुस्तक न उघडता परत आलेलेही पाहिले आहे. माझ्या अनुभवात अशा कादंबऱ्या जास्त वाचतात ती त्या मुलाच्या वर्गातली मुले, ज्यांना त्याच्याशी काय बोलावे ते कळत नसते. तेव्हा तुमच्या कथेत एक मैत्रीण असू द्या, जी चुकीचे बोलते, मग टाळू लागते आणि पुन्हा येते. दादाचा मृत्यू मलपृष्ठावरच्या मजकुरात स्पष्ट सांगून टाका. कथेत तो धक्का म्हणून ठेवला, तर ज्या मुलाला तो नको आहे त्याची फसवणूक होते.

शेवटाच्या भीतीबद्दल एवढेच सांगते की मुले आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ सोसतात. आस्ट्रिड लिंडग्रेन यांची 'द ब्रदर्स लायनहार्ट' ही १९७३ मधली कादंबरी दोन भावांच्या मृत्यूंनी सुरू होते आणि दोघांनी पुन्हा एकदा मृत्यूत उडी घेण्यावर संपते. त्या शेवटावर मोठ्यांनी पुष्कळ वाद घातला. पुस्तक मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचले जात आहे. तुम्ही तसा शेवट करावा असे मी सुचवत नाही, आणि ओंजळ यांनी वर दिलेला इशारा लक्षात घेता करूही नये. पण झाड लावून सगळ्यांना हसवण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. वाढदिवसाचा प्रसंग राहील. झाड जाईल.

मधला यांनी लिहिलेल्या तिसऱ्या तारखेने मला काल रात्री पुष्कळ वेळ जागे ठेवले. दोघांतले अंतर चौदा महिन्यांचे केले तर दादा सव्वाबारा वर्षांचा असताना जातो, ती तेव्हा अकरा वर्षे एका महिन्याची असते आणि चौदा महिन्यांनी ती त्याला गाठते. म्हणजे कादंबरीचा काळ दोनच महिन्यांनी वाढतो. वर्ष पूर्ण होण्याचा दिवस, ज्यावर मी सगळा शेवट टांगला होता, तो मग शेवटून तिसऱ्या प्रकरणात येईल. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असेल आणि सगळे जण दादाविषयी बोलतील, आणि ती मनातल्या मनात पुढच्या दिवसांची मोजणी करत असेल. माझी शंका अशी आहे की, तिने ती तारीख कोणाला सांगावी का? न सांगितली तर ती फार एकटी पडते. आईला सांगितली तर पुन्हा आईने जवळ घेण्याचा तोच शेवट येईल, अशी धास्ती वाटते.

समासरेषा

अंतर बदलणे मला फार योग्य वाटते, परंतु त्याने सुरुवातही बदलेल याची जाणीव ठेवा. चौदा महिन्यांच्या अंतराची भावंडे शाळेत एकामागच्या एक इयत्तेत असतात, त्यांचे मित्र सामाईक असतात, आणि दादाची पाठ्यपुस्तके दुसऱ्याच वर्षी तिच्या हाती येतात. समासात त्याने लिहिलेल्या खोड्या पुस्तकाच्या अर्ध्यापर्यंतच असतील, कारण पुढचे धडे त्याने शिकलेच नाहीत. दादाला वयाने गाठण्याची तारीख तिला कळण्यासाठी वेगळी युक्ती शोधायला नको. ती त्या कोऱ्या पानांपाशी पोचेल तेव्हा आपोआप मोजू लागेल. तीन वर्षांनी मोठा असलेला दादा धाकट्या बहिणीला संरक्षण देतो, तर चौदा महिन्यांनी मोठा असलेला तिच्याशी बरोबरीने भांडतो, हेही आजारपणाच्या प्रकरणांत दिसले पाहिजे. वाढदिवसाच्या त्या वाक्याला मग त्यानेही एक लागट उत्तर दिलेले असेल.

तारीख तिने मैत्रिणीला सांगावी असे मला वाटते. कपाटसात यांनी सुचवलेली, आधी चुकीचे बोललेली ती मैत्रीण. तिला त्यातले सगळे कळणार नाही आणि ती काहीतरी भलतेच विचारील, उदाहरणार्थ, मग आता तू त्याची ताई का? त्या प्रश्नावर नायिका चिडेल की हसेल, हे तुम्हालाही लिहिताना कळेल. आईवडिलांना ती तारीख कळण्याची गरज नाही. शेवटचे प्रकरण मात्र एवढ्यात लिहू नका. आधी निरोगी दादाची पहिली तीन प्रकरणे नव्या अंतराने लिहून काढा आणि ती दहा-बारा वर्षांच्या कोणा मुलांना वाचायला द्या. ती कुठे हसतात, याची नोंद ठेवा.